काळूरामची प्लिमथ

भिवपुरीच्या वीजघरात काळूराम जाधव फिटर होता. यंत्राचा आवाज जरा बदलला की साहेबलोक आधी त्याला बोलवायचे. काळूराम लोखंडी पहारेचं एक टोक यंत्राला लावायचा, दुसरं कानाला, डोळे मिटून घ्यायचा आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचा. बाप मेला म्हणून चौथीतून शाळा सुटलेली. मराठी अडखळत वाचायचा, सही मराठीत करायचा, आणि त्या सहीतला ‘ळ’ कायम अर्धवट राहायचा. त्याची बायको येसूबाई त्यावरून त्याची थट्टा करायची.

वीजघरातले एक पारशी इंजिनिअर साहेब वारले, त्यानंतर दोन वर्षांनी, अडुसष्ट साली, त्यांच्या बायकोनं, पेरीनबाईंनी, खंडाळ्याचा बंगला आवरायला काढला. सामान हलवायला चार माणसं वर गेली, त्यांत काळूराम होता. बंगल्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये साहेबांची प्लिमथ उभी होती. सत्तेचाळीस सालची अमेरिकन गाडी. चारही चाकं बसलेली, सीटमध्ये उंदरांनी घरं केलेली. पण काळूरामनं बोनेटवरची धूळ तळहातानं पुसली आणि तो तिथंच उभा राहिला. बाकीच्यांनी दोन कपाटं ट्रकवर चढवली तरी हा हललाच नाही.

बाईंनी ते पाहिलं. “साहेब तिला स्वतःच्या हातानं धुवायचे, काळू,” त्या म्हणाल्या. “भंगारवाल्याला मी देणार नाही. तू घेऊन जा. कागदाचं नंतर बघू.”

गाडी ट्रकवर घालून घाटाखाली आली आणि कर्जतला, भिसेगावात काळूरामच्या परसात उतरली. सारी वस्ती बघायला लोटली. कोणी म्हणालं, कोंबड्यांना झकास खुराडं झालं. काळूराम हसला फक्त.

त्या गर्दीत एकटा हिरू तेवढा हसला नाही. तो गाडीभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, “काळू, ही चालंल रं.”

हिरामण, म्हणजे हिरू, काळूरामपेक्षा वर्षानं लहान. घरं पाठीला पाठ लागून. वस्तीत धम्मदीक्षेचा कार्यक्रम झाला तेव्हा पांढरे सदरे घालून दोघं शेजारी शेजारी बसले होते. हिरू वस्तीतला पहिला मॅट्रिक. परीक्षेचं केंद्र पनवेलला होतं, तेव्हा काळूराम आठ दिवस कामावर खाडे करून त्याच्याबरोबर तिथं राहिला होता. हा पेपर लिहायचा, तो भाकऱ्या भाजायचा. पुढं हिरू खोपोलीच्या एका कारखान्यात कारकून झाला. वस्तीत इंग्रजी कागद आला की तो हिरूकडेच जायचा. काळूरामला सख्खा भाऊ नव्हता, आणि त्याची उणीव त्याला कधी भासलीही नव्हती.

चार वर्षं लागली. पहिल्या पाळीहून आला की काळूराम भाकरी खाऊन परसात. रविवारी दिवसभर. त्यानं गाडी पार सांगाड्यापर्यंत उघडली. गंजलेला तळ कापून नवा पत्रा जोडला. मूळचं इंजिन पाणी शिरून असं जाम झालं होतं की ते फिरेचना, आणि फिरलं असतं तरी त्याला पेट्रोल पाजणं फिटरच्या आवाक्यातलं नव्हतं. मग तो आणि हिरू कुर्ल्याच्या भंगार बाजारात तीन रविवार हिंडले आणि रस्त्याच्या कामावरच्या कंप्रेसरचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन घेऊन आले. बोलणं सगळं हिरूनं केलं; काळूराम नुसता इंजिनापाशी बसून त्यावरून हात फिरवत होता.

हे इंजिन आणि गाडीचा गिअरबॉक्स यांची तोंडं जुळत नव्हती. त्यासाठी मधे एक जाड पोलादी प्लेट हवी होती, नेमक्या भोकांची. पहिली प्लेट केसभर चुकली. दुसरी बसली, पण गिअर पडेना. तिसरी करताना काळूरामनं पंधरा दिवस दाढी केली नाही. जुनी वायरिंग सहा व्होल्टची होती, ती काढून त्यानं बारा व्होल्टची केली, म्हणजे इकडची बॅटरी चालावी. ब्रेक ट्रकच्या रबरांवर आणले. सीटा येसूबाईनं शिवल्या. मशीनची सुई रेक्झिनमध्ये मोडायची, म्हणून तिनं दाभण घेतला आणि हातानं टाके घातले. बोटांना चिंध्या बांधून ती दोन महिने शिवत होती.

हिरू संध्याकाळी यायचा. बोनेटवर टेकून पेपर वाचून दाखवायचा, पाना म्हटलं की पाना द्यायचा, दिवा धरायचा. आणि दर चारसहा महिन्यांनी पेरीनबाईंना पत्र लिहायचा. बाई आता पुण्याला बहिणीकडे राहायला गेल्या होत्या. मराठी बोलायच्या, पण वाचता येत नसे, म्हणून पत्र इंग्रजीत. खाली सही काळूरामची.

“काय म्हनल्या बाई?” काळूराम विचारायचा.

“उत्तर नाय अजून. म्हातारं मानूस, सवडीनं देतील.” आणि पुढं पुढं, “कागद आरटीओत अडकलेत. मी बगतो ना. तू तुजं काम कर.”

काळूराम आपलं काम करायचा.

बहात्तरच्या जानेवारीत इंजिन पेटलं. आधी काळा धूर, मग पांढरा, मग परसातल्या केळीची पानं थरथरायला लागली. काळूरामनं बोनेटला कान लावला आणि तसाच बराच वेळ राहिला. हिरूनं त्याला मिठी मारली. पुढल्या महिन्यात मोरपंखी रंग लावून प्लिमथ भिसेगावातून बाहेर पडली, खोपोलीच्या शिळफाट्यापर्यंत जाऊन आली. पळसदरीला बायका डोक्यावरच्या हंड्यांसकट थांबून बघत राहिल्या. हिरू पुढं शेजारी बसला होता. मागं येसूबाई, मुलगी आवडी आणि वस्तीतली मावतील तेवढी माणसं.

मग काळूरामच्या मनानं घेतलं की गाडी बाईंना दाखवायची. त्यांना तिच्यात बसवून एक चक्कर मारायची.

हिरू म्हणाला, “कशाला? कागद हातात नायत, घाटात पोलिसांनी धरलं तर? थोडं थांब.”

काळूराम दोन महिने थांबला. मग एका रविवारी हिरू बायकोला घेऊन सासुरवाडीला गेला होता, आणि सकाळी ऊन असं छान पडलं होतं की काळूरामला राहवेना. त्यानं येसूबाईला नवं लुगडं नेसायला सांगितलं. प्लिमथ बोरघाट चढली, मधे एकदाही तापली नाही. कोणी पोलीस आडवा आला नाही.

पुण्याला बाई काठी टेकत फाटकापर्यंत आल्या. दार उघडून मागच्या सीटवर बसल्या, रेक्झिनवर हात फिरवला, आणि रुमालानं डोळे टिपले. काळूरामनं त्यांना कॅम्पातून फिरवून आणलं. परत आल्यावर त्यांनी दोघांना आत बसवलं, स्वतः चहा दिला.

“आणि तुझा भाऊ नाही आला? हिरामण?” बाईंनी विचारलं. “मला वाटलं, गाडीचा मालक तरी येईल.”

काळूरामला वाटलं बाई थट्टा करतायत. “मालक?”

“तूच लिहिलं होतंस ना, त्याच्या नावावर करा म्हणून. मी लगेच सही करून पाठवला की फॉर्म. दोन वर्षं होऊन गेली.” त्याचा चेहरा बघून त्या उठल्या. टेबलाच्या खणातून पत्रांचा गठ्ठा आणला, चष्मा लावला, एक पत्र काढलं आणि ओळीओळीनं मराठीत सांगायला लागल्या. “मी अडाणी माणूस. कचेरीत मला कोणी उभं करत नाही. तरी मेहेरबानी करून गाडी माझा धाकटा भाऊ हिरामण याच्या नावे करावी. तो शिकलेला आहे. तो मला कधी अंतर देणार नाही.”

पत्र त्यांनी त्याच्यापुढं धरलं. निळ्या शाईत वळणदार इंग्रजी अक्षर, हिरूचं. खाली मराठीत सही. अर्धवट ‘ळ’. सहीशेजारी ग्रीसचं बोट उमटलेलं.

काळूरामला तो दिवस आठवला. तिसरी प्लेट बसली होती, गिअर पडला होता, तो गाडीखालून बाहेर आला होता, आणि हिरूनं कागद बोनेटवर ठेवून म्हटलं होतं, “हितं कर.” काय लिवलंयस, असं त्यानं विचारलंही नव्हतं.

“काही चुकलं का रे?” बाई म्हणाल्या.

येसूबाई तोंड उघडणार तोच काळूराम बोलला. “नाय बाई. बरोबर हाय. मीच सांगितलं व्हतं त्याला.”

घाट उतरताना येसूबाईनं विचारलं, “खोटं का बोललात?”

“त्या म्हाताऱ्या बाईम्होरं काय सांगू,” तो म्हणाला, “का आमच्यात आसं चालतं?”

सोमवारी संध्याकाळी तो हिरूच्या दारात गेला. हिरूच्या बायकोनं, सोनाबाईनं, नेहमीसारखा चहा टाकला. काळूरामनं चहा घेतला नाही. तेवढ्यावरून हिरू समजला. त्यानं आधी हसून घेतलं.

“पुन्याला गेलावतास व्हय? आरं, तुजं माजं निराळं हाय का? नाव कुनाचं बी आसू दे, गाडी आपलीच.”

“मग मला का नाय सांगितलंस?”

“सांगनार व्हतो.”

“दोन वर्सं?”

हिरूचा आवाज एकदम चढला. “आनि सांगितलं आसतं तर दिली आसतीस? चार वर्सं मी दिवा धरला काळू. कुर्ल्याचं इंजिन मी ठरवलं. पत्रं मी लिवली. आनि समदं गाव म्हनतं काळूरामची गाडी. येक मानूस म्हनला का, हिरूची बी हाय? मॅट्रिक झालो, त्याचं आता कुनाला काय? तुज्या हातात कसब हाय, तू आनिक दहा गाड्या उभ्या करशील. माज्या नावावर काय हाय?”

“मागितली आसतीस तर दिली आसती,” काळूराम म्हणाला.

ते खरं होतं, आणि ते हिरूलाही ठाऊक होतं. म्हणूनच बहुधा तो आणखी चिडला. त्यानं सांगून टाकलं की खोपोलीच्या एका लॉजवाल्याशी त्याचं बोलणं झालंय. गाडी लग्नाच्या वरातींना लावायची. आणि जरा नरम आवाजात, समजूत घालावी तसं म्हणाला, “तूच चालीव की. ड्रायव्हर दुसरा कशाला ठेवू?”

सोनाबाई भिंतीकडे तोंड करून उभी होती. काळूराम उठला आणि घरी आला.

वस्तीतली जाणती माणसं म्हणाली, बैठक बसवू, हिरूला चारचौघांत विचारू. काळूराम म्हणाला, “काय विचारनार? सही माजीच हाय.” येसूबाई म्हणाली, “मग इंजन काडून घ्या. त्ये तर बाईनं दिलेलं नाय. माज्या सीटा मी फाडते, नुसता पत्रा ऱ्हाऊ दे त्याला.” हे मात्र त्याला पटलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं रजा टाकली. सकाळी उन्हं आल्यावर पाने चादरीवर मांडले, बोनेट उघडलं आणि प्लेटचा पहिला बोल्ट सैल केला. दुसऱ्याला पाना लावला आणि थांबला. ही प्लेट त्यानं तीनदा केली होती. कुठल्या भोकाला कानशीचे किती हात दिलेत, ते त्याला अजून तोंडपाठ होतं. येसूबाई दाभण घेऊन सीटेशी आली होती. ती टाक्यांकडे बघत बसली. एकही टाका तिनं उसवला नाही.

काळूरामनं सैल केलेला बोल्ट परत आवळला. हात धुतले. गाडी सुरू करून पाठीमागच्या गल्लीत नेली, हिरूच्या दारात उभी केली, आणि किल्ली सोनाबाईच्या हातात दिली. हिरू घरात असून बाहेर आला नाही. काळूरामनं जाताना एवढंच सांगितलं, “त्याला म्हनावं, थंडीत आधी दोन मिंटं चालू ठेवायची. लगेच गिअर टाकायचा नाय.”

त्यानंतर दोन घरांत बोलणं राहिलं नाही. प्लिमथ वरातींत फिरली. झेंडूच्या माळा घालून कर्जतच्या बाजारातून जाताना काळूरामनं ती कितीदा तरी पाहिली. इंजिन नीट वाजतंय की नाही हे न ऐकण्याचा तो प्रयत्न करायचा, आणि ते त्याला जमायचं नाही. एकदा हिरूनं निरोप धाडला, क्लच घसरतोय, बघून जा. काळूराम गेला नाही. पुढं गाडी मुंबईच्या कोणा शौकीन माणसाला गेली असं कळलं.

लोक म्हणाले, काळूरामनं शांतपणानं घेतलं. वीजघरात मात्र निराळंच दिसत होतं. पगाराच्या रजिस्टरवर सही करताना तो आता सगळी ओळ बोटानं वाचायचा. रजेच्या अर्जावरही तसंच. इंग्रजी कागद असला तर दोन निरनिराळ्या माणसांकडून वाचून घ्यायचा आणि दोघांचं जुळतंय का बघायचा. कारकून वैतागायचे. मागं रांग खोळंबायची. तो हलायचा नाही.

पुढच्या वर्षी एप्रिलात आवडी आठवीची परीक्षा देऊन प्रगतिपुस्तक घेऊन आली. दुसरा नंबर. “बाबा, सही करा,” ती म्हणाली.

“वाच.”

तिनं गुण वाचले.

“ह्ये खाली इंग्रजीत काय हाय?”

“हेडमास्तरांचा शेरा हाय. चांगली प्रगती, वरच्या वर्गात घातलंय.”

“परत वाच.”

तिनं परत वाचलं. काळूराम त्या ओळीकडे बघत राहिला. पेन हातात होतं. “खरं त्येच वाचलंस ना गं?”

आवडीला आधी कळलं नाही. मग कळलं. तिचा चेहरा पडला. “बाबा,” ती म्हणाली, “मी हाय.”

त्यानं मान हलवली आणि सही केली. आवडी पुस्तक घेऊन निमूट बाहेर गेली. येसूबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं हे सगळं ऐकलं. गाडी दारातून गेली त्या दिवशी तिनं डोळ्यांत पाणी आणलं नव्हतं. आज तव्यावरची भाकरी करपली तरी तिला दिसेना.