भिकनची न दबणारी गाडी

चांगुणा मागच्या सीटवर टेकली आणि मोटारसायकलनं बसकणच मारली. मडगार्ड टायरला घासून खर्रर्र आवाज झाला. पारावर तंबाखू मळत बसलेल्या वाळूला तेवढं निमित्त पुरलं.

"भिकनदा, दोन खेपा कर की! आधी वहिनी पोचव, मंग फुलं!"

पार खदाखदा हसला. हापशावरच्या बायाही पदरात तोंड घालून हसल्या, आणि तिथंच घात झाला. पुरुषांचं हसणं चांगुणा एका शिवीत उडवून लावायची; बायांचं तिला लागलं. ती उतरली, झेंडूची पाटी डोक्यावर घेतली आणि एसटीच्या थांब्याकडं चालायला लागली.

"अगं, बस ना! त्याचं काय मनावर घेती?"

"नाय बसायची. तुमच्या फटफटीवर आता पुन्यांदा नाय बसायची."

चांगुणानं म्हटलं म्हणजे झालं! मातोरीत सूर्य एक वेळ पश्चिमेला उगवला असता.

आता कुणी म्हणेल, बायको एसटीनं आली तर बिघडलं काय? नाशिकच्या फुलबाजारात पोचल्याशी कारण. पण भिकनच्या घरात माणसंच माणसं. आई ठमाबाई ओट्यावर, भाऊ पडवीत, भावजया चुलीपाशी. नवराबायकोनं दोन शब्द बोलायचे तर ते फटफटीवरच. मातोरी सुटली की चांगुणा त्याच्या कानापाशी तोंड आणून सुरू व्हायची ती थेट बाजार येईपर्यंत. कुणाची सून रुसली, कुणाची म्हैस आटली, मनात काय आहे, पोटात काय दुखतंय. भिकन नुसतं "हं" करायचा. पण त्या "हं"वर त्याचा दिवस निघायचा. एकट्यानं बाजाराला जायला लागल्यापासून त्याला सगळं ओकंबोकं वाटू लागलं. आपल्या बायकोशिवाय आपल्याला करमत नाही, ही गोष्ट लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्याला कळली, आणि सांगायची कुणाला, तर तिलाच, आणि ती तर एसटीत!

शेवटी त्यानं पेठ रोडवरच्या गोरक्ष मिस्त्रीचं दुकान गाठलं.

गोरक्षनं गाडी दाबून पाहिली. "शॉकअप मेलेत. आधीच्या मालकानं दुधाच्या किटल्या वाहून वाट लावली यांची. नवे टाकू."

"नव्यावर माणूस बसलं तर गाडी दबंल?"

"दबंल ना. दबायसाठीच असतात ते."

"मंग नको. मला तसूभर दबायला नको. दोन्ही काढ आन् त्या जागी लोखंडी सळया ठोक."

गोरक्षनं हातातला पाना खाली ठेवला. "भिकनदा, गाडी हाय ही, पोळपाट नाय. खड्डा टायरला लागंल आन् दणका तुझ्या टाळूत बसंल."

"बसू दे. तू ठोक."

"पर कशापायी?"

भिकननं कोपऱ्यातल्या सळयांकडं बोट दाखवलं. गोरक्षनं कपाळाला हात लावला, ट्रॉलीची जाडजूड सळई कापली, दोन्ही तुकड्यांना टोकाला भोकं पाडली आणि शॉकअपच्या जागी बोल्ट आवळून बसवले. "कंबरडं मोडलं तर माझं नाव सांगू नको," एवढं मात्र बजावलं.

दुसऱ्या दिवशी भिकननं गाडी मुद्दाम पारासमोर उभी केली आणि थांब्याकडं निघालेल्या चांगुणाला हाक मारली.

"एकडाव बस. दबली तर गाडी भंगारात घालतो."

तिनं संशयानं पाहिलं. जीव मुठीत धरून टेकली आणि पाटी मांडीवर घेतली. गाडी हूं की चूं नाही! वाळू तर वाकून टायर बघायला लागला.

"काय बघतो रे मुडद्या?" चांगुणाला आता चेव आला. "दोन खेपा करायच्या ना? ये, तू बी बस मांडीवर!"

या वेळी हापशावरच्या बाया वाळूला हसल्या. भिकननं किक मारली. आनंदानं त्याला आभाळ ठेंगणं झालं होतं, ते ओढ्याच्या मोरीपर्यंत. मोरीवर असा दणका बसला की मेंदू डोक्यातून उडून परत जागेवर आला.

"काय ब... ब... बाई..." चांगुणा मागून म्हणाली आणि तिनं जीभ चावली. त्यानंतर बाजार येईपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. भिकन वाट बघत राहिला. मागून फक्त दात वाजल्याचा आवाज येत होता.

"मस्त झाली गाडी," ती उतरून म्हणाली आणि दुकानाच्या खांबाला धरून उभी राहिली.

"झाली ना?" भिकन म्हणाला. त्याला वाकता येत नव्हतं.

दसऱ्यापर्यंत हेच चाललं. ती सीटवर गोधडीची चौघडी टाकायची, तो कमरेला फेटा आवळायचा. दुखतंय असं कुणी कबूल करेना. घरात दोघांच्या अंगाला तेलाचा वास, आणि ठमाबाई विचारायची, "काय रं, कुस्त्या खेळता का काय?"

दसऱ्याच्या दिवशी पारावरून दोघं थाटात निघाली. ओढ्याच्या वळणापलीकडं भिकननं गाडी थांबवली.

"चैन बघतो जरा."

ती झटकन उतरली. त्यानं चैन बघितली नाही, तिनंही विचारलं नाही. त्यानं झेंडूची पाटी सीटवर ठेवली आणि गाडी ढकलत चालू लागला. ती पाटीला हात देऊन शेजारून.

"लय लागतं का गं?" त्यानं विचारलं. "जुने शॉकअप बसवू परत?"

"खबरदार! माझ्यापायी कंबरडं मोडून घेतलं तुम्ही. मी काय आंधळी हाय?" तिचे डोळे भरून आले होते. "लोकं बघतील तिथं बसू. नाय बघत तिथं चालू."

"बाजाराला उशीर होईल."

"लवकर निघत जाऊ. तर सांगत काय होते, राखी जाऊबाई हाय ना आपली..."

ती सुरू झाली. भिकनला हुंदकाच आवरेना, म्हणून त्यानं "हं" म्हटलं. वाटेवरच्या मखमलाबादची घरं दिसली तशी तिनं पाटी मांडीवर घेतली, त्यानं किक मारली. दोघं तोंड मिटून, ताठ बसून भर गावातून गेली. शेवटचं घर मागं पडलं आणि तिनं त्याच्या खांद्यावर थाप मारली.

"उतरा. राखीचं अर्धंच सांगून झालंय."