नदीपलीकडचे चोर

अरे ऐका, हा आपला कॅनडातल्या विंडसरचा लॉर्न! त्याच्या पोरीला, एलोडीला, नदीपलीकडे अमेरिकेत, डेट्रॉइटच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली, आणि संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. ह्याचं आपलं सकाळपासून एकच तुणतुणं.

"तिकडचे गुन्ह्यांचे आकडे बघ, आणि आपले बघ! तिथे भरदिवसा गाड्या पळवतात, बाई. इथे मी गाडी गरम करायला किल्ली लावून बाहेर चालू ठेवलीय. आहे कुणाची छाती?"

"बाबा, पुरे ना आता!"

तेवढ्यात बाहेर चाकं घरघरली. रस्त्याच्या कडेला बर्फाने पांढरीफटक झालेली एक गाडी रुतली होती. आता रुतलेली गाडी दिसली की आपल्या माणसांचे हात शिवशिवतातच! लॉर्न कोट न घालताच धावला, मागून खांदा लावला आणि आतल्या माणसाला ओरडला, "हळू दाब रे! चाक सरळ धर!" गाडी सुटली. त्या माणसाने काच खाली करून "थँक यू, काका!" म्हटलं, ह्यानेही हात हलवला, आणि ऐटीत वळून बघतो तर काय, अंगणात स्वतःची गाडीच नाही!

एलोडी दारात हसून हसून खाली बसली होती.

"पोलिसांना काय सांगू गं?" लॉर्न कुडकुडत म्हणाला.

"सांगा, चोर फार सभ्य होता, म्हणजे आपलाच असणार."



"घे ती नोकरी," लॉर्न म्हणाला. "पण मी आपलीच गाडी ढकलून दिली हे तिकडे कुणाला सांगू नकोस."