रस्ता दोघींपुरता

टाचणीच्या पोटात दुखायला लागलं ते एका रविवारी सकाळी, पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर, आणि त्याचा खाण्यापिण्याशी काहीएक संबंध नव्हता.

टाचणी म्हणजे शिंपीणबाई. बाजाररस्त्याच्या टोकाला तिचं आणि तिच्या नवऱ्याचं शिवणकामाचं दुकान. तिच्या तोंडात कायम टाचण्या, ओठांत एका रांगेत धरलेल्या, म्हणून हे नाव, आणि ते ठेवलं समोरच्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरने. ही डॉक्टरीणबाई पहिल्यांदा कोटाच्या बाह्या आखूड करून घ्यायला आली, तेव्हा आरशातून म्हणाली होती, "बाई, आधी त्या टाचण्या काढा आणि मग बोला. गिळलीत तर माझा काही उपयोग नाही, मी दातांच्या पलीकडे जात नाही." टाचणी इतकी हसली की बाहीचं माप चुकलं. तिथून मैत्री जमली. डॉक्टरनेच तिला सायकलवर बसवलं, आणि तेही चाळिशी उलटल्यावर. नवरा म्हणाला, "पडलीस तर उसवलेलं मी शिवून देईन, पण फक्त कपडे."

गावाबाहेर पडलं की मोठा रस्ता सोडून एक अरुंद डांबरी वाट आत वळते. दोन्ही बाजूंना शेतं, तारेची कुंपणं, रवंथ करत बघणाऱ्या गाई. रस्ता सारखा चढतो, उतरतो, परत चढतो. दुधाची गाडी एकदा गेली की मग चिटपाखरू नाही. दर रविवारी उजाडताच दोघी तिथे शेजारीशेजारी सायकली चालवायच्या आणि बोलायच्या. बोलायच्या म्हणजे काय, तोंडाला लगाम नाही! आठवडाभर डॉक्टरसमोर माणसं आ वासून पडलेली, त्यांना उत्तर देता येत नाही. आठवडाभर टाचणीच्या तोंडात टाचण्या, तिलाही बोलता येत नाही. मग रविवारी दोघींचा बांध फुटायचा. सासूबाईंच्या कवळीपासून नवऱ्याच्या घोरण्यापर्यंत सगळं त्या रस्त्यावर बोलून झालेलं होतं. टाचणीला बहीण नव्हती. तशी कमतरता तिला कधी वाटलीही नव्हती, कारण रविवार होता.

आणि मग ती आली. बँकेच्या शाखेत बदली होऊन आलेली नवी मॅनेजरीण. अक्कलदाढ दुखते म्हणून दवाखान्यात गेली आणि दाढ काढून येताना रविवारचं आमंत्रण घेऊन आली. सायकल अशी की दोन बोटांनी उचलावी. हँडलवर एक छोटा पडदा, त्यावर वेग, चढ, छातीचे ठोके, सगळं दिसायचं. आणि पाय तर इतके लांब की तिची पॅंट शिवायची तर कापड जास्तीचं आणावं लागेल, हे टाचणीच्या धंदेवाईक नजरेने पहिल्याच मिनिटाला मोजलं.

"ताई, तुम्ही मस्त चालवता हं," मॅनेजरीण म्हणाली. ताई! दोघींच्या वयात असा कितीसा फरक होता? टाचणीने दात दाखवले, पण ते हसणं नव्हतं.

आता अडचण अशी की तो रस्ता दोघींपुरताच. दोन सायकली शेजारीशेजारी आरामात मावतात, तिसरीला जागा नाही. तिसरीने मागेच राहायचं. डॉक्टरने लगेच नियम केला, ती पडली न्यायी बाई. प्रत्येक फाट्यावर जागा बदलायच्या, म्हणजे प्रत्येकीला मागे राहावं लागेल आणि प्रत्येकीला बोलायला मिळेल. वळण आलं की पुढच्या दोघींनी मागे बघायचं, आणि मागचीला काही झालं तर तिने हाक मारायची. ऐकायला किती सोपं! पण फाटा आला की मॅनेजरीण सुळकन पुढे सरकायची, बाटलीतलं पाणी प्यायला हात घालेपर्यंत ती डॉक्टरच्या शेजारी हजर. "अरे, माझीच पाळी होती ना?" असा निरागस चेहरा. बँकेतली माणसं रांगेचा मान राखतात असा टाचणीचा समज होता, तो गेला.

मागून दिसायच्या त्या दोन पाठी. वारा समोरून, त्यामुळे शब्द मागे येईपर्यंत विरून जायचे. हसणं तेवढं ऐकू यायचं, विनोद नाही. पाण्याच्या टाकीच्या चढावर त्या दोघी अशाच खिदळल्या आणि टाचणीच्या मनात आलं, ही माझ्यावर तर हसत नसेल? मग लगेच त्याहून वाईट विचार आला. माझा विषयच नसेल. पोटात दुखायला लागलं ते तिथे.

पुढे दर रविवारी नवी कळ. डॉक्टरला 'अहो'वरून 'अगं'वर यायला टाचणीला दोन हिवाळे लागले होते, आणि ही बया महिनाभरात "अगं, तू ऐक तरी!" म्हणायला लागली. टाचणीने तेही गिळलं. पण एका रविवारी उतारावर मॅनेजरीण भन्नाट सुटली आणि डॉक्टर मागून ओरडली, "ए सुसाट! थांब की जरा!" झालं. सुसाट. नाव ठेवलं तिला. डॉक्टरने नाव ठेवलं! टाचणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला वाटत होतं, या जगात डॉक्टरने नाव ठेवलेलं माणूस एकच.

त्या आठवड्यात तिने शाळेच्या गणवेशाच्या तीन पॅंटींना उलट्या बाजूने चेन लावली. नवऱ्याने त्या उचलून उजेडात धरल्या.

"कोण मेलं?" त्याने विचारलं.

"कुणी नाही."

"मग कोण मरावं असं वाटतंय?"

टाचणीने तोंडात टाचण्या भरल्या. तिला उत्तर द्यायचं नसलं की ती तेच करायची. नवऱ्याने शिलाई उसवायला घेतली आणि मान खाली घालून म्हणाला, "तू लग्नाआधी माझ्या मामेबहिणीवर अशीच डाफरायचीस. मी तिच्याशी नुसतं बोललो तरी."

"ती होतीच तसली."

"हो ना. सगळ्याच असतात."

टाचणीने मशीन इतक्या जोरात चालवलं की पुढचं काही ऐकू येऊ नये.

पुढच्या रविवारी ती उठली तीच ठरवून. आज पाळी सोडायची नाही. पहिल्या फाट्यावर तिने पाण्याच्या बाटलीला हात लावला नाही, चष्मा पुसला नाही, दात-ओठ खाऊन सायकल पुढे घातली. पण डॉक्टर म्हणाली, "आज मी राहते मागे. तुम्ही दोघी जरा बोला ना एकमेकींशी. कधी बोलतच नाही तुम्ही." आणि ती खरंच मागे सरकली. राहिल्या या दोघी, शेजारीशेजारी, आणि रस्ता समोर लांबच लांब.

बोलायचं काय? टाचणी म्हणाली, "थंडी आहे." मॅनेजरीण म्हणाली, "आहे." संपलं.

मग सुरू झालं ते भलतंच. सायकलवाल्यांत ही एक खोड असते. दोघं शेजारी चालवत असतात आणि एकजण, मुद्दाम म्हणा की नकळत, अर्धं चाक पुढे ठेवतो. जास्त नाही, अर्धंच. दुसऱ्याला ते खुपतं, तो बरोबरीला येतो. की पहिला परत अर्धं चाक पुढे. तोंडाने कुणी शर्यत म्हणत नाही. दोघंही सहज फिरायला निघाल्यासारखे चेहरे ठेवतात आणि वेग वाढतच जातो. मॅनेजरीणीचं अर्धं चाक पुढे गेलं. टाचणीने ते पाहिलं. पायडलवर जरा जोर दिला आणि आपलं अर्धं चाक पुढे घातलं. मॅनेजरीणीने पडद्याकडे बघितल्याचं नाटक केलं आणि परत पुढे. टाचणी परत पुढे. पहिलं टेकाड गेलं, दुसरं गेलं. टाचणीच्या छातीत नगारा वाजत होता, जीभ टाळूला चिकटली होती, मांड्या पेटल्या होत्या, पण मेली तरी आज ती मागे राहणार नव्हती. ही कुठली कोण, आज बदलीवर आली, उद्या बदलीवर जाईल, आणि माझा रविवार घेऊन जाईल? जा म्हणावं! आणि गंमत म्हणजे मॅनेजरीणही तशीच लालबुंद झाली होती. नाक फुललेलं, जबडा आवळलेला. तिलाही कशाचा तरी राग होता, हे टाचणीच्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं.

वळणं येत होती, जात होती. मागे कुणीच बघितलं नाही.

शेवटी एका फाट्यावर ट्रॅक्टर आडवा वळत होता म्हणून दोघींना थांबावं लागलं. दोघी हँडलवर आडव्या होऊन धापा टाकत होत्या. टाचणीने विजयाने मागे मान वळवली, कारण तिला दाखवायचं होतं कुणाला तरी की बघ, मी हिला पुढे जाऊ दिलं नाही.

मागे रस्ता मोकळा होता.

"डॉक्टर?" मॅनेजरीण म्हणाली, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "ती केव्हापासून नाहीये?"

दोघींनी सायकली फिरवल्या. आता कुणाचं चाक कुठे आहे याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. टाचणीच्या डोळ्यांसमोर काय काय येऊन गेलं. खड्डा, दुधाची गाडी, कुत्रं आडवं आलं असेल, पडली असेल, आपल्याला हाका मारून मारून घसा बसला असेल तिचा. एक टेकाड उलटलं, रस्ता रिकामा. दुसरं उलटलं, तरी रिकामा. टाचणीच्या तोंडचं पाणी पळालं.

मग खालच्या मोरीच्या कठड्यावर डॉक्टर दिसली. सायकल कठड्याला टेकवलेली, पाय खाली लोंबकळत सोडलेले, आणि ती सफरचंद खात बसली होती.

"अगं बाई गं!" टाचणी सायकल तशीच गवतात टाकून धावली. "पडलीस का? लागलं कुठे? दाखव हात!"

"काही नाही झालं. काटा गेला चाकात. ट्यूब बदलली, हवा भरली, झालं."

"सॉरी, सॉरी," मॅनेजरीण मागून आली. "आम्ही गप्पांच्या नादात…"

गप्पा! टाचणीने तिच्याकडे असं बघितलं की तिने वाक्य तिथेच सोडलं. डॉक्टर धडधाकट आहे हे पाहून टाचणीच्या जिवात जीव आला होता. तिने खरं तर तिचे पाय धरायचे, कान पकडायचे, काहीतरी शहाण्यासारखं करायचं. पण मनातला किडा गप्प बसतो थोडाच? तोंडातून निघालं ते हे, "हाक मारली असशील ना? कुणाला मारलीस? मला, की हिला?"

बोलून झाल्यावर तिलाच लाज वाटली. पण मॅनेजरीण हसली नाही, रागावलीही नाही. तीही डॉक्टरच्या तोंडाकडे बघत उभी होती. तिलाही उत्तर हवं होतं.

डॉक्टरने घास चावून गिळला. "कुणालाच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मारलीच नाही हाक. काटा गेला तेव्हा तुम्ही हाकेच्या टप्प्यात होतात. मारणारही होते. मग तुमच्या पाठी बघितल्या, दोघींच्या, कशा ताठलेल्या, आणि म्हटलं, जाऊ दे." ती जरा थांबली. रागाने बोलत नव्हती, दुखणं सांगावं तशी बोलत होती. "किती रविवार झाले, मी सायकल चालवतच नाहीये गं. एकीशी हसले की दुसरीचा चेहरा बघते. एकीजवळ जास्त वेळ गेला की दुसरीजवळ भरून काढते. आठवडाभर लोकांची तोंडं सांभाळायची आणि रविवारी तुमची. आज इथे बसले, आणि कुणीच नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की ट्यूब बदलून झाली तरी मी निघालेच नाही."

कुंपणापलीकडची एक गाय फुरफुरली.

"रागावलीस का?" टाचणीने हळूच विचारलं.

"नाही. रागावले असते तर काटा गेला, उशीर झाला, एवढंच सांगितलं असतं." डॉक्टर कठड्यावरून उतरली, हात झटकले, सायकल धरली. "मी पुढे जाते. एकटी जाते जरा. तुम्ही या सावकाश."

"आणि पुढच्या रविवारी?" मॅनेजरीणीने विचारलं. आवाज अगदी लहान मुलीचा.

"पुढच्या रविवारीही," डॉक्टर म्हणाली. तिने टाचणीच्या खांद्यावर हात ठेवला, मग मॅनेजरीणीच्या, जाणूनबुजून सारखाच वेळ, आणि निघाली.

दोघी बघत राहिल्या. डॉक्टर उतारावरून गेली आणि समोरचा चढ चढायला लागली. रस्त्याच्या बरोबर मधून चालवत होती, डावीकडे नाही, उजवीकडे नाही. चढावर जराशी डुलत होती. बहुतेक गुणगुणत होती. इतक्या वर्षांत टाचणीने तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. कसं ऐकणार? आपण बोलत होतो ना सारख्या! त्या रिकाम्या रस्त्याचा टाचणीला असा हेवा वाटला, असा हेवा वाटला, की त्यापुढे मॅनेजरीण काहीच नव्हती. तिने शेजारी बघितलं. मॅनेजरीण हातमोज्याने नाक पुसत होती. तिच्यावर चार शब्द सोडावेत, तुझ्यामुळे झालं म्हणावं, असं टाचणीच्या ओठांवर आलं होतं. पण त्या रडवेल्या चेहऱ्यावर तिला नेमकं तेच वाक्य दिसलं, आपल्यासाठी तयार असलेलं.

"ताई," मॅनेजरीण म्हणाली, "निघायचं का आपण?"

डॉक्टर अजून चढावरच होती. मागे वळून बघितलं असतं तर या दोघी तिला दिसल्या असत्या.

"थांब," टाचणी म्हणाली. "तिला टेकाडापलीकडे जाऊ दे आधी."