पहिलं नाव वैजयंताचं

"वैजयंता," गुणवंत म्हणाला आणि त्यानं तोंडात कांदाभजी टाकली.

आम्हाला वाटलं, हा चुकून बोलला. टॉस जिंकलेला कप्तान पहिलं नाव घेतो आणि पहिलं नाव म्हणजे सगळ्यात भारी गडी. वैजयंता आणि भारी गडी? बाई सोन्यासारखी आहे, पण पत्त्यांत अगदीच कच्ची. हुकूम हातात आला की तिला दम निघत नाही, पहिल्याच हाताला मारून मोकळी होते. तिलाही खरं वाटलं नसावं, कारण तिनं आधी मागे वळून पाहिलं. मागे गुणवंतचा फ्रीज होता.

हाटकेशच्या आमच्या बिल्डिंगमध्ये आम्ही चार जोडपी दर रविवारी सकाळी मेंढीकोट खेळतो. चार-चारच्या दोन बाजू. दसरा झाला की पहिल्या रविवारी वर्षभरासाठी गडी पाडायचे, ही आमची जुनी रीत. अमोलनं पोराकडून नवा शब्द उचललाय, तो ग्रुपवर 'ड्राफ्ट डे' असं टाकतो आणि खाली फटाके. कप्तान कायमचे दोन, गुणवंत आणि अमोल. नवराबायको एका बाजूला कधीच नाहीत, कारण डोळ्यांनी खुणा करतात. हा नियम गुणवंतनंच काढलेला. त्यामुळे कप्तानांच्या बायका आपोआप समोरच्या बाजूला जातात आणि निवडायला उरतात दोनच जोडपी: मी सुलू आणि आमचे हे जितेंद्र, आणि सीताराम-वैजयंता.

इतकी वर्षं पहिलं नाव सीतारामचं असायचं. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात आयुष्यभर पॉलिश मारलेला माणूस, बोलायला कमी, पण पत्ते हातात घेतले की कुणाची मेंढी कुठं अडकलीय ते त्याला वासावरून कळायचं. मेंढी म्हणजे दहाचं पान. सगळा खेळ त्या चार दहांसाठी. टॉस जिंकणारा 'सीताराम!' म्हणून ओरडायचा, आणि मग नियमानं वैजयंता दुसऱ्या बाजूच्या गळ्यात पडायची. तिचं नाव कुणी घ्यायचंच नाही. "चला, वहिनी आमच्या नशिबात," म्हणत दुसरा कप्तान कपाळाला हात लावायचा. सगळे हसायचे. तीही हसायची आणि शेवटी उरलेल्या गड्यानं पहिला डाव वाटायचा म्हणून मुकाट पत्ते पिसायला घ्यायची. गोडदेवला एका नर्सिंग होममध्ये ती मावशी होती. तिथंही कुणी नाव घेत नव्हतं, नुसतं मावशी.

शिमग्यानंतर सीतारामला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली, तोंड एका बाजूला ओढलं. त्यानंतर आज पहिल्यांदा तो खाली आला होता. वैजयंतानं त्याची दाढी करून, लग्नाकार्यातला शर्ट चढवून आणला होता. पेणकरपाड्याच्या एका सुताराकडून तिनं लाकडाची पट्टी करून घेतली होती, मधोमध खाच पाडलेली. एका हातानं पत्ते धरता येत नाहीत ना, ते त्या खाचेत उभे राहतात. पिशवीतून पट्टी काढून ती सगळ्यांना दाखवत होती. सहा महिने ह्या माणसानं नुसता पंखा बघितलाय सुलूताई, मला जिन्यात म्हणाली. आजचं नाव काढलं की जेवण जरा जास्त जातंय.

आणि आमच्या मित्रमंडळींनी काय केलं? हंसानं, गुणवंतच्या बायकोनं, सोफ्यावर सीतारामच्या जागी पेपर अंथरला होता. लाळ गळते ना त्याची, म्हणून. सगळ्यांना कपातून चहा, त्याला कागदी ग्लासात. त्या पेपरावर तो बसला तेव्हा चुरचुर आवाज झाला. स्वतःचा नवरा अंगठ्याला थुंकी लावून पत्ते वाटतो, ती थुंकी आम्ही एवढी वर्षं हातात धरतोय, त्याचं हिला काही नाही.

तर, वैजयंताचं नाव पहिलं आलं. ती लाजली. ह्या वयात, सुनेनं दिलेल्या ड्रेसची ओढणी सारखी करत, खरंच लाजली. सीतारामकडे वळून म्हणाली, "ऐकलं का? माझं नाव घेतलं."

सीतारामनं मान हलवली. त्याच्या डोळ्यांत काही हसू नव्हतं. त्याला कळलं होतं.

मला कळलं ते अमोलचं तोंड पाहून. हातातली भजी त्यानं बशीत परत टाकली.

"अरे यार गुणवंत, ये क्या बात हुई," तो म्हणाला. "टॉस जिंकलो असतो तर मी पण तेच करणार होतो."

गुणवंत खो खो हसला आणि नियम म्हणजे नियम म्हणाला.

आता ट्यूब पेटली. वैजयंता आपल्याकडे घेतली की सीताराम आपोआप समोरच्याच्या गळ्यात. दोघांनीही घरून हाच हिशोब करून आणला होता. आजारी माणूस दुसऱ्याच्या दारात कसा सोडायचा, एवढाच त्यांचा ड्राफ्ट. बरं, खेळून मिळतं काय? वर्षाअखेरीस हरलेल्या बाजूनं जिंकलेल्यांना मिसळ चारायची. त्या मिसळीसाठी ही अक्कल. शी! लोक रस्त्यावरचं कुत्रं सोसायटीबाहेर काढतात तेव्हासुद्धा आधी थोडं चुचकारतात.

वैजयंताला सगळ्यात शेवटी उमगलं. तिनं गुणवंतकडे पाहिलं, अमोलकडे पाहिलं, मग मांडीवरच्या लाकडी पट्टीकडे. ओढणी धरलेला हात तसाच राहिला. चेहऱ्यावरचं हसूही तिला लगेच आवरता येईना, ते तसंच ओठांवर राहून गेलं, आणि ते बघवत नव्हतं.

पुढचं सगळं भराभर उरकलं. अमोलनं मला घेतलं, गुणवंतनं आमच्या ह्यांना, आणि उरला सीताराम. "सीताराम आमचा! घरचा माणूस आहे," म्हणत अमोलनं त्याच्या पाठीवर थाप मारली. मी तिथल्या तिथं बोलले. म्हटलं, अमोल, थाप मारलेला हात नीट धुऊन घे, पेपर हंसाकडे आहेच. आमच्या ह्यांनी मला टेबलाखालून पाय मारला. हंसा भजी तळायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

गुणवंत म्हणाला, डाव अमोल वाटेल, सीतारामला कशाला त्रास.

सीतारामनं डावा हात टेबलावर आपटला. शेवटी उरलेला गडी पहिला डाव वाटतो. आयुष्यात पहिल्यांदा तो शेवटी उरला होता, आणि त्याला ते वाटप हवं होतं. वैजयंता जोडाला हात लावायला गेली तर त्यानं कोपरानं तिचा हात बाजूला केला. एका हातानं पिसता येईना, तेव्हा सगळी पानं टेबलावर पालथी पसरून तळहातानं कालवली. मग वाटायला लागला. दुऱ्या काढल्या की आठ जणांना सहा-सहा पानं येतात. एकेक पान अंगठ्यानं सरकवत, नख लावून उचलत, कपाळावर घाम. गुणवंत मोबाईल बघत होता आणि उगाच खाकरत होता.

वाटप संपत आलं आणि एक पान निसटून उताणं पडलं. चौकटचा राजा.

"असू दे रे, असू दे," गुणवंत म्हणाला. "तुला सगळं माफ."

आमच्यात वाटताना पान उघडं पडलं की डाव फुकट, पत्ते पुन्हा पिसायचे. लहान पोराला माफ करतात, गड्याला नाही.

"फु-कट," सीताराम म्हणाला. शब्द जड आला, पण सगळ्यांना कळला. त्यानं सगळी पानं परत ओढून घेतली, पालथी पसरली, कालवली आणि पुन्हा पहिल्यापासून वाटली. ह्या वेळी एकही पडलं नाही. वैजयंता पूर्ण वेळ त्याच्या हाताकडे बघत बसली होती. तिचं ते अडकलेलं हसू केव्हातरी गेलं होतं.

हंसा येऊन बसली आणि खेळ सुरू झाला. पहिला हात गुणवंतच्या बाजूनं केला, दुसरा सीतारामनं. मग खाचेतून त्यानं किलवरचा एक्का ओढला आणि मध्ये ठेवला. त्याच्या शेजारी वैजयंता, ती गुणवंतच्या बाजूची. समोरच्याचा एक्का पडलाय म्हटल्यावर त्यावर हलकं पान सोडायचं आणि मेंढी पोटाशी धरायची, हे खेळणाऱ्याला पहिल्या दिवशी शिकवतात.

वैजयंतानं पानं नीट लावून पाहिली आणि किलवरची मेंढी टाकली.

"अहो वहिनी!" गुणवंत खुर्चीत उठून बसला. "दुसरं किलवर नव्हतं का?"

"आहे की," ती म्हणाली. हातातलं एक पान फिरवून तिनं त्याला दाखवलं. किलवरची सत्ती.

"मग मेंढी कशाला दिलीत? खेळता येत नाही का इतक्या वर्षांत?"

"मला खेळायला कुठं घेतलंय तुम्ही?"

आवाज चढवला नाही तिनं. सत्ती परत हातात लावली आणि पुढच्या गड्याच्या पानाची वाट बघत बसली. गुणवंत काहीतरी बोलायला गेला, अंगठा तोंडाकडे नेला, आणि मग तो अंगठा त्यानं पँटला पुसला. अमोल मान खाली घालून आपली पानं बघत होता. बाकीच्यांनी गुपचूप एकेक किलवर टाकलं.

सीतारामनं बायकोकडे पाहिलं. त्याचं अर्धंच तोंड हसतं आता, ते हसलं. डावा हात लांब करून तो आठ पानं एकेक करून आपल्याकडे ओढू लागला. बुडाखालचा पेपर चुरचुरत होता. मेंढी त्यानं सगळ्यात शेवटी उचलली.