चमेलीचे गलबत

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. माझा आकार जपानी गलबताचा, मधोमध एकच चौकोनी शीड, तेही तेलकागदाचे. महायुद्ध संपल्यावर रंगूनच्या छावणीत एका जपानी कैद्याने मला सागवानातून कोरले आणि पहाऱ्यावरच्या चैनलाल शिपायाला दिले. १९४७ साली चैनलाल फौज सोडून सालेकशाजवळच्या आपल्या गावी परतला, तेव्हा मी त्याच्या पेटीत होतो.

माझ्या पोटात चिमणी पेटवली की शीड उजळे आणि भिंतीवर मोठे गलबत हाले. चैनलाल जमलेल्या लोकांना समुद्राच्या गोष्टी सांगे. त्याची बायको चमेली दाराआड बसून ऐके. सकाळी मला पुसताना ती हळूच विचारी, "कसा असल गा समुद्र?"

मला तरी कुठे ठाऊक होते? मी पेटीत बंद होऊन आलो होतो.

पुढे एका कार्तिकात गावच्या बायका जगन्नाथपुरीला निघाल्या. शेजारच्या शामकलाबाईने चमेलीलाही बोलावले. चमेलीने गाठोडे बांधले.

"तू कायले जातेस?" चैनलाल म्हणाला. "धान कोन कापील? समुद्रच पाहाचा तं हा दिवा पाय."

"दिवा रोजच पाहून राहिली ना मी. एक डाव पाणी पाहू द्या."

"नाही म्हटलं ना."

गाठोडे सुटले. गाडी बायकांना घेऊन गेली आणि चमेली विळा घेऊन धानाच्या बांधीत उतरली. त्यानंतर तिने मला कधी पुसले नाही.

पुढच्याच कार्तिकात चैनलाल स्वतः पुरीला जाऊन आला. त्याही वेळी धान चमेलीनेच कापले. आल्या दिवशी संध्याकाळी त्याने मला पेटवले, माणसे बोलावली आणि लाटांचे वर्णन सुरू केले. चमेली चहा घेऊन आली. सगळ्यांना कप दिले, मग वाकून तिने फुंकर मारली. मी विझलो.

"अंधारातही सांगता येते," ती म्हणाली. "तुमी तं पाहून आले ना."

चहा अर्धा टाकून माणसे उठली. चैनलालने मला अंगणात भिरकावले, माझे शीड फाटले.

आता मी माळ्यावर पडून आहे. खाली चमेली भात वाढते, चैनलाल जेवतो. दोघांत शब्द नसतो.

मित्रांनो, मला नवे शीड लावा, असे मी म्हणणार नाही. पण तुमच्या घरात कोणी कुठे जायचे नाव काढले, तर त्याला दिवा दाखवून गप्प बसवू नका. त्याला गाडीत बसवून द्या.