चार नंबरचं पाणी

चार नंबरच्या खोलीला भूत लागलं ते मीच लावलं, हे आता सांगते. तेव्हा कुणी तोंडावर म्हटलं असतं तर त्याची धडगत नव्हती.

रोह्याला एका कंपनीचं गेस्टहाऊस हाय. मी विमलबाई, गडब गावची, तिथं झाडलोट करते. शहाण्णव साली चार नंबरात उतरलेले एक साहेब तापले, खोकून खोकून अर्धे झाले आणि आठवड्यात वारले. मग मुंबईहून पाणी तपासणारे इंजिनियर आले. म्हणाले, बंद खोलीच्या पाइपात पाणी साचून राहिलं की जंतू वाढतात, आणि शॉवर सोडला की तुषारांतून छातीत शिरतात. गिझर चांगला कढत ठेवायचा. दर सोमवारी रिकाम्या खोल्यांचे नळ पाच मिनिटं सोडायचे, शॉवरला पिशवी बांधून. ऑफिसातल्या कागदावर खूण करायची. आणि कुणी तापलं तर डॉक्टरला हे पाण्याचं आधी सांगायचं, कारण या तापाला नेहमीचं औषध लागू पडत नाय.

सगळं पटलं मला. पण सकाळी पंप लागला की चार नंबरातून खोकल्याचा आवाज यायचा. पाइपातली हवा हाय ती, असं आमचा खानसामा मुसाभाय म्हणायचा. त्याचं काय जातं? आत मला जायचं होतं. मग मी दर अवसेला त्या उंबऱ्यावर नारळ ठेवायचे, साहेबांना हात जोडायचे, आणि दर सोमवारी कागदावर चार नंबरपुढे नुसती खूण करून मोकळी व्हायचे. दार एकदाही उघडलं नाय. नारळ पोचला की झालं, एवढीच माझी अक्कल.

आठ महिने असे गेले. मग मी माझ्या धाकट्या बहिणीला, सरूला, तिथं कामाला लावली. नवऱ्याने टाकलेली, पण हसणं काही सुटलं नव्हतं. मे महिन्यात पाहुणे वाढले आणि चार नंबर उघडायचा हुकूम आला. मी तिला पुढे केलं.

"तुझं भूत धुऊन काढते गो आक्का," म्हणाली. न्हाणीचं दार लावून, शॉवर सोडून तिने तासभर फरशी घासली. गात होती. मी उंबऱ्याबाहेर उभी. भुताच्या धाकात पिशवी बांध म्हणून सांगायचं माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाय.

पाचव्या दिवशी तिला ताप भरला, मग खोकला. तो खोकला मी ओळखला. पेणच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला, इंजेक्शनं सुरू केली आणि विचारलं, कामावर काही वेगळं घडलं होतं का. मी नाय म्हटलं. कागदावर माझ्या पस्तीस खोट्या खुणा होत्या. एक साहेब आधीच गेलेला; कंपनी मला सोडणार होती व्हय? दोन दिवस मी तोंड शिवून बसले. सरू माझं मनगट धरून धापा टाकत होती आणि मी माझ्या नोकरीचा विचार करत होते. लाज वाटते सांगायला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरांचे पाय धरले.

"त्या खोलीतलं पाणी आठ महिने सोडलंच नव्हतं. खुणा मी खोट्या केल्यात."

त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं आणि लगेच औषध बदललं. मग म्हणाले, "आल्याबरोबर सांगायचं होतं, बाई."

सरू त्याच संध्याकाळी गेली.

महिन्याने मी मॅनेजरसाहेबांपुढे जाऊन सगळं कबूल केलं. त्यांनी कागदांची चळत शोधून काढली तर तिच्यावर बोटभर धूळ. आजवर ती कुणी उघडूनही पाहिली नव्हती. नोकरी गेली नाय. ज्या कागदाला भिऊन मी गप्प बसले, तो कुणी वाचतच नव्हतं.

आता दर सोमवारी मी चार नंबर उघडते. शॉवरला पिशवी बांधते, नळ सोडते. पाइप खोकतो. मुसाभाय म्हणतो ती हवाच असेल. मला सरू ऐकू येते. थोड्या वेळाने पाणी सरळ वाहायला लागतं आणि खोकला थांबतो. थांबू नये असं वाटतं. पण पाच मिनिटं झाली की नळ बंद करून पुढच्या खोलीत जावं लागतं.