आईची बहीण

मला मावशी नाही. आई तिच्या आईबापांची एकुलती एक. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे तुमचा गोंधळ व्हायला नको.

आम्ही वॉटसनव्हिलचे. म्हणजे आईबाबा मूळ मेक्सिकोतले, मिचोआकानकडचे, पण मी इथली, कॅलिफोर्नियातली, स्ट्रॉबेरीच्या शेतांना लागून असलेल्या मजुरांच्या घरांत वाढलेली. बाबा कोबीचा ट्रक चालवायचे. मी सहावीत असताना गेले. त्यानंतर सगळं आईवर. पहाटे तोंडाला फडकं बांधून शेतावर जायचं, दिवसभर वाकून स्ट्रॉबेऱ्या खुडायच्या, तीनला घरी यायचं, कंबर धरून खुर्चीत बसायचं. आईचं नाव हर्मेलिंडा. मुकादमाला ते म्हणता येईना, म्हणून त्याने अर्धं छाटलं आणि लिंडा केलं. तेच पुढे सगळ्या कागदांवर चढलं.

शेतावरच्या बायका मात्र तिला लिंडा म्हणत नसत. मास्तरीणबाई म्हणत. कुणाला गावाकडे पत्र लिहायचं असलं, कुणाला कसलासा अर्ज भरायचा असला, की जेवणाच्या सुट्टीत आईभोवती कोंडाळं.

"मास्तरीणबाई, माझ्या सासूला जरा गोड भाषेत लिहा हां," चाबेला म्हणायची. ही आईच्या शेजारच्या सरीतली.

"तू सांगतेयस ते जसंच्या तसं लिहिलं तर सासू परत पत्र नाही पाठवायची," आई म्हणायची.

"मग तसंच लिहा की."

मला वाटायचं, नुसतं चिडवण्याचं नाव आहे. खोटं कशाला बोलू, तसं वाटायचं नाही. मला माहीत होतं. आई लग्नाआधी डोंगरातल्या एका गावात दोन वर्षं शिकवत होती. आणि बारा वर्षांची असताना मी गादीखाली तिच्या पदवीचा कागद पाहिलाही होता. जाड प्लॅस्टिकमध्ये घातलेला, वर सोनेरी शिक्का आणि कोपऱ्यात अंडाकृती फोटो. फोटोतली मुलगी केस मागे घट्ट बांधलेली, कान उघडे, कानात काही नाही. तिकडे पदवीच्या फोटोचे तसे नियम असतात. मी कागद परत ठेवला आणि विसरून गेले. विसरले म्हणजे विसरायचं ठरवलं.

शिष्यवृत्तीचा अर्ज शाळेच्या शेवटच्या वर्षी आला. आपल्या लोकांतली मुलं, घरातून पहिल्यांदाच कॉलेजला जाणारी, त्यांच्यासाठी. चार वर्षांची फी, वसतिगृह, पुस्तकं, सगळं. ती नसती तर मी आईशेजारच्या सरीत उभी राहिले असते, यात काही शंका नको. अट एकच: आई किंवा वडील, दोघांपैकी कुणीही, जगात कुठेही, पदवी घेतलेली नसावी. खाली सही. माहिती चुकीची निघाली तर शिष्यवृत्ती रद्द.

जगात कुठेही, असं स्वच्छ लिहिलं होतं. मी "नाही"वर खूण केली आणि सही ठोकली. आईला विचारलंसुद्धा नाही.

अर्जासोबतच्या निबंधाचं तर आणखीच. शाळेत अर्जांना मदत करणाऱ्या मिस हॅन्ली म्हणाल्या, "छान आहे गं, पण वाचणाऱ्याच्या पोटात कालवलं पाहिजे. आईबद्दल अजून लिही." मग मी लिहिलं. माझी आई कधी शाळेची पायरी चढली नाही. माझी आई अंगठा उठवते. मी रात्रंदिवस अभ्यास करते, कारण आमच्या घरात अक्षर आणणारी मीच पहिली. मिस हॅन्लींच्या डोळ्यांत पाणी आलं. शिष्यवृत्ती मिळाली.

सप्टेंबरात विद्यापीठात जेवण ठेवलं होतं. शिष्यवृत्ती देणारे लोक, मुलं, मुलांच्या आया. पत्रात लिहिलं होतं: येताना घरातली एक वस्तू आणा, कुटुंबाची ओळख सांगणारी.

"आजीचा दगडी खल नेऊ या," मी म्हटलं. "सगळे असलंच काहीतरी आणतात."

"मी बघते काय न्यायचं ते," आई म्हणाली. "तू नको त्यात डोकं घालूस."

शनिवारी ती गाडीत बसली तेव्हा मांडीवर एक चपटी चौकोनी वस्तू होती. गरम तोर्तिया, म्हणजे आमच्या मक्याच्या भाकऱ्या, झाकायला आम्ही भरतकामाचं फडकं वापरतो, त्यात गुंडाळलेली. मला वाटलं, ग्वादालुपे मातेची तसबीर असेल. दर दुसऱ्या घरातून तीच येणार, मी मनात म्हटलं, आणि गाडी चालू केली. तिने ती वस्तू आणली कशी, असं नंतर पुष्कळदा मनात आलं. पण तिच्या बाजूने बघा. तिला कुणी अट सांगितलीच नव्हती. लोकांनी मुलीला शिक्षणासाठी निवडलं, घरची ओळख मागितली. मग ती काय खल नेणार?

सभागृहात आमच्या टेबलाशी ओल्मेदोबाई होत्या. शिष्यवृत्ती कोणाला द्यायची हे ठरवणाऱ्या समितीच्या त्या प्रमुख. त्यांचे आईवडील द्राक्षाच्या मळ्यांत राबलेले, त्यामुळे आमची भाषा त्यांना येत होती. आईच्या छातीवर पुठ्ठ्याची चिठ्ठी टाचली होती: लिंडा सेंदेहास. ओल्मेदोबाई तिच्याशी फार मायेने बोलल्या. "ताई, तुम्ही निवांत बसा. तिकडे इंग्रजीत बोलतील ते मी तुम्हाला कानात सांगते."

मग एकेका मुलाला आपल्या निबंधातला थोडा भाग वाचायला बोलावलं. माझं नाव आलं, युरिडिया सेंदेहास. कुठला भाग वाचायचा हे त्यांनीच ठरवून कागद हातात दिला होता. तोच होता, आईचा.

मी वाचला. काय करणार? वाचताना एकदा वर पाहिलं. ओल्मेदोबाई आईच्या कानाशी वाकून हळू आवाजात सांगत होत्या आणि आई ऐकत होती. वर्गात दुसऱ्याचं मूल वाचत असताना ऐकावं तसं, मान किंचित कलती करून. अंगठ्याच्या ओळीला ओल्मेदोबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. आईने तो ठेवू दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारे गृहस्थ उभे राहून वाजवत होते.

मी येऊन बसले. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. काहीच वाटलं नाही. इंजेक्शन दिल्यावर दाढ असते तसं सगळं अंग. समोर कोंबडीचा तुकडा होता, तो मी कापत बसले. आईकडे पाहिलं नाही.

"आता वस्तू," ओल्मेदोबाई म्हणाल्या. दुसऱ्या मुलांच्या रेबोसो म्हणतात त्या शाली, टोप्या, खल असं सगळं होऊन गेलं होतं. "ताई, तुम्ही काय आणलंय?"

"राहू दे," आई म्हणाली. "विशेष काही नाही. फडकंच आहे. माझ्या सासूने भरलेलं."

"अगं बाई, किती सुरेख. बघू तरी." आणि ओल्मेदोबाईंनी फडकं उलगडलं.

सोनेरी शिक्का वर आला. त्यांनी चष्मा नाकावर घेतला आणि वाचलं, मोठ्याने नाही, पण आम्हाला ऐकू येईल इतपत. प्राथमिक शिक्षिकेची पदवी. हर्मेलिंडा सार्को तिनोको. मग फोटो पाहिला. मग आईकडे. मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला, आणि मला एवढंच कळलं की चार वर्षं संपली, जेवणही संपायच्या आत.

"ताई," त्या म्हणाल्या, "ही कोण?"

आईने कागदाकडे पाहिलं. घाई केली नाही.

"माझी बहीण," ती म्हणाली.

आमच्याकडे आईचं आणि बापाचं, दोघांचं आडनाव लावतात; इथे आल्यावर बायका नवऱ्याचं लावतात. त्यामुळे सार्को तिनोको आणि सेंदेहास यांचा कागदावर काही संबंध नव्हता. हर्मेलिंडाचा आणि लिंडाचाही नव्हता.

"तुमच्यासारखीच दिसते," ओल्मेदोबाई म्हणाल्या.

"हो. सगळे म्हणायचे."

"कुठे असतात?"

"गेली."

"अरेरे. कधी?"

"मी इकडे आले त्याच वर्षी," आई म्हणाली. "घरात शिकलेली ती एकटीच. आम्हाला काही जमलं नाही. पोरीला दाखवावं म्हणून जपून ठेवलंय."

ओल्मेदोबाई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांना कळलं असणार. त्या काही दुधखुळ्या नव्हत्या. पण त्यांनी कागद परत नीट फडक्यात गुंडाळला, चारही टोकं जिथल्या तिथे, आणि आईच्या हातात दिला. "देव त्यांना शांती देवो," त्या म्हणाल्या. आई म्हणाली, "देवो."

परतताना मला माफी मागायची होती, पण ती कुठून सुरू करतात ते आठवेना.

"निबंध कुणी तपासला?" आईने विचारलं.

"मिस हॅन्लींनी."

"बरा आहे. शेवट फार लांबलाय."

"आई."

"समोर बघून चालव."

मी वसतिगृहात राहायला गेले. ऑक्टोबरात चाबेलाचा फोन आला. "तुझ्या आईचं काय बिनसलंय गं? मास्तरीणबाई म्हटलं की वळूनसुद्धा बघत नाही. पत्र लिहून द्या म्हटलं तर म्हणते, मला नाही येत. डोकंबिकं फिरलंय का?"

"कामाने थकली असेल," मी म्हटलं.

"थकली म्हणे. लिहायला काय कंबर लागते?"

नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी मी घरी गेले. आपले गेलेले लोक त्या दोन दिवसांत जेवायला येतात, म्हणून घराघरांत त्यांच्यासाठी मांडणी करतात. आईने टेबलावर पांढरी चादर घातली होती, झेंडूच्या पाकळ्यांची वाट दारापासून टेबलापर्यंत काढली होती. बाबांचा ट्रकमधला फोटो, पुढे बिअरची बाटली. आजीचा फोटो, पुढे गोड पाव. आणि त्या दोघांच्या मधोमध, प्लॅस्टिकमधून बाहेर काढलेली, ती पदवी.

जिवंत माणसाचा फोटो तिथे ठेवत नाहीत. कुणीच ठेवत नाही. लहानपणी मी चुकून स्वतःचा शाळेतला फोटो तिथे टेकवला होता, तर आईने माझ्या हातावर फटका मारला होता.

"हे काढ," मी म्हटलं.

"का?"

"का काय? आई, काढ ते."

"लोकांना सांगितलंय ना आपण," ती म्हणाली. "चाबेला येते, शेजारी येतात. तुझ्या कॉलेजचं कुणी कधी आलं तर? एकदा सांगितलं की नीट सांगावं." फळ्यावर काही लिहून झाल्यावर हात झटकावेत तसे तिने पाकळ्या लागलेले हात झटकले. "मेणबत्ती लाव. बाबांपासून सुरुवात कर."

मी तीन मेणबत्त्या लावल्या. तिसरी पदवीपुढे.

"हिच्यापुढे काय ठेवायचं?" मी विचारलं.

आईने विचार केला. "कॉफी ठेव. दूध नको. साखर एकच चमचा, जास्त घातलीस तर नाही घेणार."

मी कॉफी केली, एक चमचा साखर घातली आणि फोटोतल्या मुलीपुढे ठेवली. दोन दिवस ती तिथेच होती. गेलेल्यांचं खाऊन झालं की मागे राहिलेलं घरच्यांनी संपवायचं असतं. तीन तारखेला पहाटे आईने तोंडाला फडकं बांधायच्या आधी तो कप उचलला, टेबलाशी उभ्याउभ्याच ती थंड कॉफी पिऊन टाकली, कप धुऊन पालथा घातला आणि शेतावर गेली.